लाइव्ह रॉक आणि ब्लूज ऐकायला सुरुवात कशी करावी

रॉक आणि ब्लूजचे लाइव्ह अल्बम नव्याने ऐकणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आवाज स्टुडिओतल्यासारखा स्वच्छ नाही, मध्येच लोक ओरडतात, चार मिनिटांचं गाणं वीस मिनिटं चालतं. तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्यांना हे अल्बम जीव लावतात त्यांना ते नेमके याच तीन गोष्टींसाठी आवडतात. त्या आवडायला लागाव्यात म्हणून फार काही करावं लागत नाही. ऐकण्याचा क्रम बरा हवा, थोडी सवड हवी आणि कान कुठे द्यायचा हे कुणीतरी एकदा दाखवून द्यायला हवं.

माझा निकष आधीच सांगतो. चांगल्या लाइव्ह अल्बममध्ये समोरचे लोक बँडचाच भाग असतात. त्यांची दाद ऐकून वादक पुढचं पाऊल टाकतो, ते ऐकून लोक पेटतात, मग वादक आणखी पुढे जातो. ही देवाणघेवाण जिच्यात स्पष्ट ऐकू येते ती रेकॉर्ड मोठी. नुसत्या गाजलेल्या गाण्यांच्या मागेपुढे टाळ्या असतील, तर बँड कितीही मोठा असला तरी मी ती बाजूला ठेवतो. खालचे अल्बम या निकषावर निवडले आहेत आणि यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. सुरुवातीला पन्नास नावं हातात पडली की माणूस एकही नीट ऐकत नाही.

१. लावण्याआधी

शफल बंद करा. लाइव्ह अल्बममध्ये गाण्यांचा क्रम हा रचनेचाच भाग असतो. एका गाण्याच्या टाळ्या ओसरायच्या आत पुढचं सुरू होतं आणि त्या ओघातच मजा असते. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं वर आणणारी सेटिंग) चालू असेल तर तोही बंद करा, आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सेटिंग मिळाली तर ती चालू करा. नाहीतर टाळ्यांच्या मधोमध क्षणभर सगळं गप्प होतं आणि आपण सभागृहात आहोत हा भास तिथेच मोडतो.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा. गाजलेल्या बहुतेक लाइव्ह अल्बमच्या आता दोन-तीन आवृत्त्या मिळतात: मूळ, वाढवलेली, कधी तर अख्ख्या दौऱ्याची पेटी. पहिल्यांदा मूळच ऐका. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट बसायची, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर कुणीतरी खूप डोकं लढवलेलं असतं. वाढीव आवृत्ती प्रेमात पडल्यानंतरची.

एका बैठकीत एलपीची एक बाजू, एवढं पुरे. पहिल्यांदा स्पीकरवर, आवाज जरा मोठा ठेवून ऐका. बारकावे टिपायचे असतील तेव्हा हेडफोन.

२. पहिला अल्बम: 'लाइव्ह ॲट द रीगल'

सुरुवात ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगपासून करा. दुसरा पर्याय सुचवणारे भेटतील, मी सुचवणार नाही. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या साउथ साइडमधल्या रीगल थिएटरमध्ये हा कार्यक्रम झाला आणि पुढच्या वर्षी रेकॉर्ड बाजारात आली. एकूण लांबी साधारण ३५ मिनिटं. लांबलचक सोलो (एकाच वाद्याचं एकट्याने वादन) नाहीत, कान किटेल असा गोंगाट नाही, आणि तरीही लाइव्ह अल्बम म्हणजे काय हे यातून पूर्ण कळतं.

पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: किंग गाताना गिटार वाजवत नाही आणि गिटार वाजवताना गात नाही. गळ्यातून एक ओळ येते, तिला गिटार उत्तर देते. त्याच्या गिटारचा, त्याने नाव दिलेल्या 'ल्युसील'चा, आवाज माणसाच्या आवाजासारखा थरथरतो, कारण तो स्वर धरून डाव्या हाताचं बोट तारेवर झपाझप हलवतो. कॉर्ड (एकाच वेळी छेडलेले अनेक स्वर) वाजवण्याच्या भानगडीत तो पडत नाही. एकेक स्वर निवडून ठेवतो. मागे फुंकवाद्यं, पियानो, बेस आणि ड्रम आहेत. ते त्याला मोकळी जागा देऊन वाजवतात.

तिसऱ्या वेळी फक्त लोकांकडे कान द्या. पहिल्या जलद गाण्यानंतर किंग सांगतो की आता आपण मागे जाऊ, जुने ब्लूज वाजवू, आणि एखादं ओळखीचं वाटलं तर आवाज करून कळवा. मग 'स्वीट लिटल एंजल', त्याला जोडूनच 'इट्स माय ओन फॉल्ट' आणि पुढे 'हाउ ब्लू कॅन यू गेट'. या तीन गाण्यांच्या सलग तुकड्यासाठी मी हा अल्बम सगळ्यात वर ठेवतो.

तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे. नवरा आपण काय काय दिलं त्याचा पाढा वाचतो आणि बायकोला त्यातलं काहीच पुरत नाही. नवी फोर्ड घेतली तर तिला कॅडिलॅक हवी होती. महागडं जेवण दिलं तर ती म्हणते, नाश्त्याबद्दल आभार. प्रत्येक ओळीला बँड एक ठोका देऊन थांबतो आणि त्या पोकळीत किंगचा आवाज एकटा उरतो. प्रत्येक ओळीबरोबर लोकांचा गलका चढत जातो. शेवटी तो म्हणतो की मी तुला सात मुलं दिली आणि आता तू ती परत करायला निघालीस, तेव्हा थिएटर अक्षरशः किंचाळतं. ही ओळ प्रेक्षकांना ठाऊक आहे, ते तिची वाट पाहताहेत, आणि किंगला ते वाट पाहताहेत हे ठाऊक आहे. तो घाई करत नाही. स्टुडिओत हेच गाणं, हेच शब्द, हेच ठोके मिळतील. ती वाट पाहणं मिळणार नाही.

३. बारा बार मोजायला शिका

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण एका संध्याकाळी उरकतं आणि पुढचं सगळं सोपं करतं.

ब्लूजचं सगळ्यात रुळलेलं रूप बारा बारचं. एक बार म्हणजे चार मात्रा. असे बारा बार झाले की एक फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून. या फेरीत गाण्याच्या तीन ओळी येतात: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार. गायक साधारण दोन बारांत ओळ संपवतो आणि उरलेल्या दोन बारांत वाद्य बोलतं. किंगच्या गिटारचं ते उत्तर याच जागेत बसलेलं आहे.

कॉर्ड कुठे बदलते ते आपल्या सरगमवरून पटकन कळेल. पहिले चार बार षड्जावर. मग दोन बार मध्यमावर आणि दोन बार परत षड्जावर. शेवटच्या चारांत पंचम, मध्यम, षड्ज, आणि बाराव्या बारला पुन्हा सुरुवातीकडे ढकलणारं वळण. प्रत्येक बँड यात थोडेफार फेरफार करतो, पण सांगाडा हाच.

'स्वीट लिटल एंजल' लावा आणि बोटांवर मोजा. लय संथ आहे, चुकायला वाव नाही. जमलं की क्रीम या बँडचं 'क्रॉसरोड्स' लावा. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तिघांनी १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये ते वाजवलं आणि त्याच वर्षी 'व्हील्स ऑफ फायर' या दुहेरी अल्बमच्या लाइव्ह भागात ते आलं. चार मिनिटांच्या आसपासचं गाणं, भन्नाट वेग. इथे मोजणं तुटेल. तुटलं की तिसरी ओळ येईपर्यंत थांबा आणि पुढच्या फेरीला पुन्हा पकडा. क्लॅप्टनचा सोलो चालू असतानाही फेऱ्या मोजत राहिलात तर दिसेल की तिघेही आपापल्या वाटेने धावताहेत, बेस तर जवळजवळ स्वतंत्र सोलोच करतोय, आणि तरी प्रत्येक बाराव्या बारला सगळे एकाच ठिकाणी भेटतात.

४. न्यूपोर्टची दुपार

आता शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्सचा 'ॲट न्यूपोर्ट १९६०'. ३ जुलै १९६०, ऱ्होड आयलंडमधला न्यूपोर्ट जॅझ महोत्सव. आदल्या दिवशी महोत्सवाबाहेर तरुणांच्या जमावाने दंगल केली होती, त्यामुळे पुढचा सगळा कार्यक्रम गुंडाळायचं ठरलं. रविवारी दुपारचं ब्लूजचं सत्र तेवढं झालं.

मंचावर शिकागोच्या क्लबांमध्ये तयार झालेला इलेक्ट्रिक ब्लूज बँड आणि समोर जॅझ ऐकायला आलेले, बहुतांशी गोरे लोक. सुरुवातीला टाळ्या सभ्य आहेत. ओटिस स्पॅनच्या पियानोकडे लक्ष ठेवा; मडीच्या आवाजाखाली तो सतत काहीतरी विणत असतो आणि जेम्स कॉटनचा माउथ ऑर्गन वरून त्याला छेद देतो. 'गॉट माय मोजो वर्किंग' येईपर्यंत वातावरण पार बदललेलं असतं. लोक सोडत नाहीत, म्हणून तेच गाणं पुन्हा वाजवलं जातं आणि रेकॉर्डवर दोन्ही भाग ठेवले आहेत. दोन्ही एकामागून एक ऐका. दुसऱ्यात बँड जास्त सैल आहे आणि जास्त धारदारही.

शेवटचं गाणं वेगळं आहे. महोत्सव बंद पडतोय म्हणून कवी लँग्स्टन ह्यूज यांनी तिथल्या तिथे शब्द लिहून दिले आणि ते स्पॅनने गायले. इतकं ताजं गाणं दुसऱ्या कुठल्या लाइव्ह रेकॉर्डवर सापडणं कठीण.

५. स्टुडिओ आणि मंच शेजारी ठेवा

इथून रॉककडे वळू. हा व्यायाम डीप पर्पल या बँडच्या 'मेड इन जपान'वर करायचा, कारण त्यातली बरीच गाणी मार्च १९७२ मध्ये आलेल्या 'मशीन हेड' या स्टुडिओ अल्बममधली आहेत आणि लाइव्ह ध्वनिमुद्रण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकात आणि १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये झालं. बँड तोच, वर्ष तेच, गाणी तीच. फरक फक्त मंचाचा.

रेकॉर्ड मुळात जपानच्या बाजारापुरतीच काढायची होती. बँडला लाइव्ह अल्बममध्ये विशेष रस नव्हता, पण ध्वनिमुद्रणाची जबाबदारी आपल्या भरवशाच्या मार्टिन बर्चकडे असेल, ही अट त्यांनी घातली. त्याने केलेलं काम आजही धडा म्हणून ऐकावं असं आहे. प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं आणि तरीही सभागृह हरवत नाही.

आधी स्टुडिओतलं 'हायवे स्टार' लावा आणि लगेच लाइव्ह. लाइव्हमध्ये इयान पेसचा स्नेअर ड्रम आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन हळूहळू ताण वाढवत नेतात. गाणं सुरू व्हायच्या आधीच अंगावर काटा येतो. मग 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'. मध्यावर रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि इयान गिलन तोच गळ्यातून काढून दाखवतो. तुकडे अवघड होत जातात. हा सवाल-जवाब जुगलबंदी ऐकलेल्या कानांना समजावून सांगावा लागत नाही. शेवटी गिलनची किंकाळी इतक्या वर जाते की गिटारने कुठे थांबावं हा प्रश्न पडावा. 'चाइल्ड इन टाइम' साधारण बारा मिनिटांचं आहे. कुजबुजीपासून आरोळीपर्यंतचा तो चढ मध्ये न थांबता ऐकला तरच पोचतो. 'स्पेस ट्रकिन' हे 'मशीन हेड'वर साडेचार मिनिटांचं गाणं इथे वीस मिनिटांच्या आसपास जातं. त्याबद्दल माझं मत जरा थंड आहे. पहिल्या खेपेला गाळलंत तरी चालेल.

६. आवाज वाढवा: 'लाइव्ह ॲट लीड्स'

१४ फेब्रुवारी १९७०. लीड्स विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं भोजनगृह. द हू हा चौघांचा बँड, वाद्यं तीनच: गिटार, बेस, ड्रम. मूळ अल्बममध्ये सहा गाणी. त्या काळी चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या रेकॉर्ड साध्या कागदी पाकिटात विकल्या जायच्या. त्याच धर्तीवर याचं वेष्टनही साधं तपकिरी आणि त्यावर शिक्का मारल्यासारखं नाव. रेकॉर्डच्या लेबलवर चक्क लिहिलेलं होतं की खरखर ऐकू येईल, ती तशीच आहे, दुरुस्त करू नका. नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांत ती खरखर काढली गेली.

पहिलं गाणं 'यंग मॅन ब्लूज'. मूळ रचना मोझ ॲलिसनची, १९५७ ची, पियानोवरची, दीड-एक मिनिटाची आणि अगदी शांत. द हूच्या हातात तिचं काय झालंय ते ऐका. रॉजर डॉल्ट्री एकटा ओळ म्हणतो. मागे काहीच नाही, निव्वळ शांतता. ओळ संपते आणि तिन्ही वाद्यं एकदम कोसळतात. पुन्हा सगळं थांबतं, पुन्हा एकटा आवाज. हा बँड मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर त्यांचं खरं सामर्थ्य त्या थांबण्यात आहे. किथ मूनसारखा कायम उधळलेला ड्रमर इतक्या नेमकेपणाने गप्प कसा होतो याचं आश्चर्य वाटतं.

हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा पीट टाउनशेंडची गिटार एका बाजूला आणि जॉन एंटविसलचा बेस दुसऱ्या बाजूला सापडेल. फक्त बेसची बाजू धरून अख्खं 'माय जनरेशन' ऐका. मूळ गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. इथे ते चौदा मिनिटांच्या पुढे जातं आणि मध्ये 'टॉमी' या त्यांच्या अल्बममधले तुकडे डोकावून जातात.

हा अल्बम हळू आवाजात ऐकू नका. शेजारी असतील तर त्यांच्या सोयीची वेळ बघा, पण हळू ऐकू नका.

७. लांब गाणी: 'ॲट फिलमोर ईस्ट'

आता ज्याच्यासाठी एवढी तयारी केली तो अल्बम. ऑलमन ब्रदर्स बँडने १२ आणि १३ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये हे वाजवलं. जुलैमध्ये दुहेरी एलपी आली. चार बाजू, फक्त सात गाणी. दोन गिटार: ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स. दोन ड्रमर: बुच ट्रक्स आणि जेमो. बेसवर बेरी ओकली, ऑर्गनवर आणि गायला ग्रेग ऑलमन. निर्माता टॉम डाउड.

बरेच जण पहिल्यांदाच तेवीस मिनिटांच्या 'व्हिपिंग पोस्ट'वर उडी मारतात आणि दमून परत येतात. क्रमाने जा.

'स्टेट्सबरो ब्लूज' चार मिनिटांचं, बारा बारचं. ड्वेनची स्लाइड गिटार इथे पहिल्या क्षणापासून समोर आहे. औषधाच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून ती तो तारेवर फिरवायचा. त्यामुळे स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जातो, पडद्यांच्या मधल्या जागाही बोलतात. मींड ऐकायची सवय असलेल्यांना हा आवाज पहिल्याच दिवशी आपला वाटेल. मग 'स्टॉर्मी मंडे' घ्या, संथ आणि रात्रीसारखं. इथवर दोन दिवस थांबलात तरी हरकत नाही.

त्यानंतर 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. शब्द नाहीत. सुरुवातीला बेट्स गिटारचा आवाज शून्यातून वर आणतो, तारेवरचा आघात ऐकूच येत नाही, व्हायोलिनचा भास होतो. मग दोन्ही गिटार मिळून मुख्य धून वाजवतात. पुढचा क्रम लक्षात ठेवा म्हणजे वाट चुकणार नाही: बेट्सचा सोलो, ग्रेगचा ऑर्गन, ड्वेनचा सोलो, ड्रमचा छोटा भाग, पुन्हा धून. ड्वेनच्या सोलोत एक-दोनदा असं वाटतं की आता शिखर गाठलं. त्याच क्षणी तो आवाज खाली आणतो आणि पुन्हा चढायला लागतो. मागे ड्रमर त्याच्याबरोबर उतरतात आणि चढतात. आधी ठरवून हे इतकं एकसंध होत नाही. एकमेकांचं ऐकत वाजवण्याचा याहून चांगला नमुना मला रॉकमध्ये माहीत नाही.

'यू डोन्ट लव्ह मी' एकोणीस मिनिटांचं. मध्ये सगळा बँड थांबतो आणि ड्वेन एकटाच उरतो. सभागृह इतकं शांत होतं की गर्दीतल्या एकाची हाक स्वच्छ ऐकू येते: रात्रभर वाजवत राहा! ती हाक कुणी पुसून टाकली नाही, हे टॉम डाउडचं शहाणपण.

आणि मग 'व्हिपिंग पोस्ट'. गाण्याचं नाव सांगायच्या आधीच प्रेक्षकांतला एक जण ते ओरडतो आणि ड्वेन त्याला म्हणतो, ओळखलंस. बेरी ओकलीचा बेस एकटा सुरू होतो. हे अकरा मात्रांचं आहे. तीन-तीन-तीन-दोन असं मोजा, दोनदा मोजलंत की पायात बसेल. ग्रेगचा आवाज आला की मोजणी बदलते, तिथे सोडून द्या आणि गाण्याबरोबर जा. त्यानंतर मोठे सोलो. साधारण मध्यावर लय विरघळते, बँड जवळजवळ कुजबुजायला लागतो. नवख्या श्रोत्याचं लक्ष इथेच सुटतं. इथे फोन हातात घेऊ नका. पुढची पाच-सहा मिनिटं बँडला स्वतःलाच माहीत नाही की आपण कुठे जाणार, आणि लोकही गप्प राहून त्यांना शोधू देतात. परत गाण्याच्या तोंडाशी येतात तेव्हा ग्रेगच्या आवाजातला आकांत पहिल्यापेक्षा कितीतरी खरा वाटतो.

रेकॉर्ड संपतानाही बँड थांबलेला नाही. टिम्पनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) ठोके ऐकू येत असतानाच आवाज विरत जातो. तिथून ते थेट 'माउंटन जॅम'मध्ये शिरले. ते ३३ मिनिटांचं वादन पुढच्या वर्षी 'ईट अ पीच' या अल्बमवर आलं. तोवर ड्वेन राहिला नव्हता. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

८. खरं किती, नंतर भरलेलं किती

कधी ना कधी तुम्हाला कुणीतरी सांगणारच की लाइव्ह अल्बम लाइव्ह नसतातच. यात तथ्य आहे. चुकलेला स्वर, बेसूर गेलेली ओळ नंतर स्टुडिओत पुन्हा करून बसवणं ही जुनी पद्धत आहे. 'किस' या बँडच्या १९७५ च्या 'अलाइव्ह!'वर असं बरंच काम झालं. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल तर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने पुढे सांगितलं की मोठा भाग पुन्हा वाजवला गेला होता, आणि बँडच्या बाजूच्या लोकांनी ते कधी मान्य केलं नाही. ऑलमन ब्रदर्सच्या 'यू डोन्ट लव्ह मी'मध्येही दोन प्रयोगांतले भाग जोडलेले आहेत.

मी यात फरक करतो. दोन रात्रींमधलं चांगलं निवडून जोडणं मला खटकत नाही, कारण दोन्हीकडे समोर माणसं होती. रिकाम्या खोलीत बसून नंतर गायलेली ओळ मात्र ऐकताना कुठेतरी कोरडी लागते. कान तयार झाला की ती ओळखता येते: गायकाच्या आवाजाभोवती सभागृहाचा घुमार नसतो, कोरस जरा जास्तच नीटनेटका असतो, आणि टाळ्या प्रत्येक वेळी एकाच उंचीच्या येतात. तरीही 'लाइव्ह अँड डेंजरस' ऐकाच. त्यातल्या दोन गिटारींची जोडी फार सुंदर आहे.

९. पुढचे दोन, आणि एक हुर्यो

इथवर आलात की जिमी हेंड्रिक्सचा 'बँड ऑफ जिप्सीज' घ्या. १ जानेवारी १९७०, पुन्हा फिलमोर ईस्ट. बेसवर बिली कॉक्स, ड्रमवर बडी माइल्स. सगळा अल्बम सारखा नाही, पण 'मशीन गन'साठी सगळं माफ. हेंड्रिक्स ते सैनिकांना अर्पण करतो आणि यादी शिकागो, मिलवॉकी, न्यूयॉर्क अशी सुरू करून मग व्हिएतनामवर येतो. बारा मिनिटांत गिटारमधून गोळीबार, विमानं, आक्रोश सगळं निघतं. सोलोच्या सुरुवातीला एकच स्वर तो धरून ठेवतो. तो स्वर संपेपर्यंत श्वास रोखला जातो.

दुसरा आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरचा 'आयरिश टूर ७४'. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमधल्या प्रयोगांतून केलेला. त्या वर्षांत उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारामुळे बेलफास्टला जायला फार थोडे कलाकार तयार व्हायचे; गॅलाघर जायचा. लोकांना त्याची किंमत होती, आणि ती 'अ मिलियन माइल्स अवे'च्या प्रत्येक थांब्यावर ऐकू येते. कसलीही चमकदमक नाही. सुरुवात करणाऱ्यांना मी याची शिफारस जरा जास्तच आग्रहाने करतो, कारण याचं नाव मोठ्या याद्यांत कमी दिसतं.

लोक नेहमी सोबत असतातच असं नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या महोत्सवात वाजवायला गेला तेव्हा काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ते ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तीन वर्षांनी तो तिथेच परत आला तेव्हाचंही त्यात आहे. पहिल्या संचात गाणी संपल्यावरचा तो नाराजीचा आवाज ऐका, आणि मग पुढचं गाणं तो किती त्वेषाने सुरू करतो ते ऐका. दाद न देणारं सभागृहही वादनाला आकार देतं, हे इतकं उघडपणे क्वचितच रेकॉर्ड झालंय.

१०. एकेका गाण्याचा माग काढा

आवडलेल्या प्रत्येक अल्बमची तारीख, जागा आणि वादकांची नावं कुठेतरी लिहून ठेवा. पुढचं काय ऐकायचं ते या नावांतूनच सुचतं. जेम्स कॉटनचा माउथ ऑर्गन आवडला तर त्याचे स्वतःचे अल्बम आहेत. रीगल आवडला तर बी. बी. किंगनेच १९७० मध्ये शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात केलेलं वादन आहे, ज्याच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांची नावं पुकारली जातात आणि कैदी जोरदार निषेध करतात.

मग गाण्याचा उगम शोधा. 'स्टेट्सबरो ब्लूज' हे ब्लाइंड विली मॅकटेलने १९२८ मध्ये एकट्याने, बारा तारांच्या गिटारवर रेकॉर्ड केलं. १९६८ मध्ये ताज महाल नावाच्या अमेरिकी ब्लूज गायकाने ते बँडसह केलं आणि जेसी एड डेव्हिसने त्यात स्लाइड वाजवली. ड्वेनला स्लाइडचा नाद लागला तो ते ऐकून. तिन्ही ओळीने लावा, दहा-बारा मिनिटांचं काम आहे. 'क्रॉसरोड्स'साठी रॉबर्ट जॉन्सनचं नोव्हेंबर १९३६ चं ध्वनिमुद्रण काढा आणि त्यात बारा बार मोजायचा प्रयत्न करा. जॉन्सन एकटा आहे, सांभाळून घ्यायला सोबत कुणी नाही, त्यामुळे मनाला येईल तिथे तो एखादा ठोका वाढवतो किंवा खातो. 'मोजो' मडी वॉटर्सने उचललं ते गायिका ॲन कोलकडून. ती त्याच्यासोबत दौऱ्यावर असताना हे गाणं गायची. तिची स्टुडिओतली रेकॉर्ड मिळते. न्यूपोर्टच्या दोन्ही भागांआधी ती लावून बघा.